बिनदाराची खोली

“ये, मागं ये, मागं ये… घाबरू नकोस पोरी, मागं काही नाही, नुसती वाट आहे!”

सासऱ्याची ही हाळी धाकटीनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला या घरात येऊन चार दिवस झाले होते. कमरेला वाखाचा, घायपाताच्या तंतूंचा, भारा गुंडाळलेला, दोन्ही हातांच्या बोटांमधून वाख सुटत चाललेला, आणि समोर लांब लांब जाणारं चाक. चाक फिरवणारा म्हातारा पावलागणिक लहान होत होता, आवाज मात्र तेवढाच राहत होता. दोर वळणाऱ्यांच्या घरात सूत काढणारीला उलटं चालावं लागतं. तोंड चाकाकडं, पाठ वाटेकडं. नव्वद पावलं. नव्वदाव्या पावलाला पाठ खुंटाला टेकली की म्हातारा ओरडायचा, “पोचली रे, आमची धाकटी पोचली!” आणि मग दोन्ही पोरांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “बघा जरा. हात थांबला नाही हिचा. एकदासुद्धा नाही.”

हात थांबला की काय होतं ते ती पुढं शिकली. चाक फिरतच असतं. सूत पुढं गेलं नाही तर पीळ तिथल्या तिथं साठतो आणि डिवचलेल्या सापासारखं सूत अंगावर वेटोळी घालतं. सगळी मेहनत मातीत. थोरल्या जावेचा हात थांबायचा, दोघा भावांचेही थांबायचे. धाकटीचा थांबायचा नाही. चालता चालता ती गुणगुणायची,

मागं मागं चालू बाई, सूत धावे पुढं,
पाठीला ना डोळा, तरी पाऊल ना अडं.

म्हातारा जाऊन सहा वर्षं झाली. आणि आज त्याच वाटेवर, पंचावन्नाव्या पावलापाशी, गवंडी उकिडवा बसून फक्कीची रेघ ओढत होता.

“रुंदी?” त्यानं विचारलं.

“ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत,” धाकटा म्हणाला. “मांजर जाईल एवढीसुद्धा फट राहता कामा नये.”

“म्हणजे सहा हात. लांबी?”

“दहा धर.”

“दार कुणीकडं?”

“दार नको.”

गवंड्याची चिमूट हवेतच राहिली. “खिडकी तरी?”

“नको.”

“मग मालक, माणसानं आत जायचं कुठून?”

“आत जायचंच नाहीये कुणी.”

गवंड्यानं बोटं गुडघ्याला पुसली. “तीस वर्षं झाली थापी धरून. घरं बांधली, गोठे बांधले, शाळेचा संडास बांधला. बिनदाराचं आजवर एकच बांधलं, ते थडगं होतं.” त्यानं धाकटीकडं बघितलं, की निदान ही तरी हसेल. “आणि बांधता बांधता मीच आत राहिलो तर?”

“शिडी आण,” धाकटा म्हणाला. तो हसला नाही. गेल्या वर्षापासून तो हसला नव्हता.

तिकडं पहिल्या पावलाशी थोरला चाकाच्या आसाला तेल घालत होता. त्यानं मान वर केली नाही. तेल मात्र आसावरून ओघळून मातीत पडत राहिलं.

दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून होती. वाट दोन्ही घरांच्या मागून जायची. एका अंगाला घरांच्या पाठी, दुसऱ्या अंगाला काटेरी कुंपण, कुंपणाखाली ओढा. वाटणीत पहिली पंचेचाळीस पावलं थोरल्याकडं आली, पुढची धाकट्याकडं. पण ते कागदावर. पायांनी तो कागद कधी वाचला नाही. नव्वद पावलं सूत ताणलं तर साठ पावलांचा दोर हाती येतो, बाकीचं पीळ खाऊन टाकतो. अर्ध्या वाटेत गुरांची दावी होतात. विहिरीचा, नावेचा दोर होत नाही. म्हणून सकाळी अख्खी वाट थोरल्याची, दुपारी अख्खी धाकट्याची, असं चाललं होतं.

मग गेल्या वर्षी पाणबुड्या पडला. पाणबुड्या म्हणजे गावोगावच्या विहिरींतला गाळ काढणारा माणूस. कमरेला दोर बांधून उतरताना, तळ दोन पुरुष राहिला असता, दोर तुटला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. दोर धाकट्यानं वळलेला. थोरला धावत विहिरीवर गेला. तुटलेलं टोक त्यानं हातात घेतलं आणि जमलेल्या सगळ्यांदेखत नखांनी उकललं. वरून वाख पिवळाधमक. पोटात काळा, कुजका, चिमटीत चुरा होणारा.

“आमच्या घरच्या मालात असं कधी निघालं नाही,” थोरला म्हणाला. “हा दोर माझ्या चाकाचा नाही. ह्याच्या चाकाचा आहे.”

“आणि वाख कुणाच्या खड्ड्यात कुजवला?” धाकट्यानं विचारलं. घायपाताची पानं भिजत घालायचा खड्डा थोरल्याच्या दारात होता. “खड्ड्यातनंच सडका आला तर मी काय करू?”

एवढंच. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. धाकट्याकडून दोर घेणंही लोकांनी थांबवलं. समोर कुणी काही म्हणायचं नाही. फक्त दोर हातात घ्यायचे, टोक उकलून बघायचे आणि परत ठेवायचे. ते टोक उकलणं धाकट्याच्या वर्मी लागायचं. गिऱ्हाईक गेलं की तो उकललेलं टोक परत वळत बसायचा.

यंदा नावाडी आला. थोरल्याच्या ओट्यावर बसून, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. “साठ पावलांचा हवाय. तीन पेडांचा, मनगटाएवढा, मध्ये जोड नको. नदी चढायच्या आत. आणि एक सांगून ठेवतो, धाकट्याचा हात लागता कामा नये त्याला. माझ्या नावेत बायामुलं बसतात.”

“नाही जमलं तर?” थोरल्यानं विचारलं.

“तर नायलॉनचा आणीन. बाजारात वेटोळ्यावर वेटोळी पडलीत. आणि एकदा तो आणला की मग तुमची पायरी कशाला चढू? मी नाही चढलो की दुसरा कोण चढतोय?”

भिंतीच्या अलीकडं धाकटा जेवायला बसला होता. घास हातात तसाच राहिला. सकाळी उठून तो म्हणाला, “खोली बांधायची.”

“कुठं?”

“वाटेवर.”

“अहो, मग आपण कुठं वळायचं?”

“आपलं घेतंय कोण?”

“त्यांना यायचं बंद करायचंय ना? मग तोंडानं सांगा, माझ्या जागेत येऊ नका म्हणून.”

“तोंडानं सांगायला त्याच्याशी बोलावं लागेल,” धाकटा म्हणाला आणि विटांची गाडी बोलवायला गेला.

*

पहिले दोन दिवस पाया खणण्यात गेले. जमीन तापून दगड झाली होती. धाकटा पहार मारायचा, धाकटी घमेल्यात माती भरून ओढ्याकडं टाकून यायची. चुंबळ घामानं भिजून कपाळावर उतरायची. पश्चिमेला रोज दुपारी ढग जमत, संध्याकाळी विरत. हवा अशी कोंदट की श्वास घेतला तरी पुरता वाटत नसे.

आणि त्या चरावरून, कुणालाही न विचारता, थोरली उलटी चालत येत होती. थोरल्यानं सगळी कामं बाजूला सारून नावेच्या दोराचं सूत काढायला घेतलं होतं. चर आला की ती एक पाय मागं टाकून अंदाज घ्यायची, लांब ढांग टाकायची आणि पलीकडं जायची. हातातलं सूत हलायचं नाही. धाकट्याची पहार तिच्या टाचेपासून वीतभर अंतरावर पडायची. तो बाजूला व्हायचा नाही, ती थांबायची नाही. चराच्या पलीकडं गेली की ती कुणाला उद्देशून नाही असं गाणं म्हणायची,

दुजाचा विझाया दिवा, घर आपुलं पेटवलं,
शेजीच्या काळोखात बाई, अंगण आपुलं बुडवलं.

“चांगलं म्हणतात बाई,” गवंडी कौतुकानं म्हणाला.

“तू विटा लाव,” धाकटा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी विटा गुडघ्याला आल्या. चौथ्या दिवशी कमरेला. थोरली ढांग टाकून जाऊ शकेना, तेव्हा सूत काढणं थांबलं. पण तोवर त्यांचं सगळं सूत निघालं होतं. पाचव्या दिवशी थोरल्यानं सुतांचे तीन पेड वळायला घेतले आणि ते नव्वद पावलं ताणून बांधले. भिंतीच्या दोन्ही अंगांना त्यानं टोकाला फाटा असलेले, दुबेळक्याचे वासे रोवले आणि पेड त्यांवरून नेले. भिंत हातभर वर गेली की थोरला संध्याकाळी येऊन वासे हातभर उंच करायचा. पलीकडचा वासा धाकट्याच्या हद्दीत. धाकटा रोज सकाळी त्या वाशाकडं बघायचा. उपटायला हात लावायचा नाही. फक्त गवंड्याला म्हणायचा, “आज दोन थर जास्त.”

“ओल्यावर ओलं किती चढवू, मालक? खालचं सुकू द्या. नाहीतर बसेल सगळं.”

“बसू दे.”

“बसू दे म्हणे!” गवंडी ओळंब्याच्या दोरीशी बोलल्यासारखा पुटपुटला. “सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि इथं तर धंदाच पिळाचा.”

तो आता आतून काम करत होता. सकाळी शिडीनं आत उतरायचा, दिवसभर त्या चार भिंतींत उभा राहून विटा लावायचा. धाकटी बाहेरून विटा वर द्यायची. भिंतीवरून त्याचे दोन पांढुरके हात तेवढे दिसायचे. डोक्यावर तीन पेड वाऱ्यानं गुणगुणायचे. “बाई,” तो आतून म्हणायचा, “पाणी द्या. आणि मी अजून जिता आहे हे मालकांना सांगा.”

धाकटी पाणी द्यायची. तिच्या बोटांच्या पेरांना विटांनी साल ठेवली नव्हती. त्याच बोटांतून बारा वर्षं वाख गेला होता. तेव्हा ती कधी सोलली नव्हती.

*

विटा लावायच्या आधी भिजवाव्या लागतात. सहाव्या दिवशी धाकटी तळ्यावर पाण्याला गेली तर तिथं थोरली कपडे धूत होती. दुसरं कुणी नव्हतं. धाकटीनं हंडा भरला, पण डोक्यावर चढवताना मनगट दुखलं आणि हंडा कलला. थोरलीनं सवयीनं हात पुढं केला आणि मग ध्यानात आल्यासारखा अर्ध्यावर थांबवला. मग म्हणाली, “धर. हंड्याशी काय भांडण आहे माझं?”

दोघींनी मिळून हंडा चढवला.

“कुठवर आलं?” थोरलीनं विचारलं.

“खांद्याला.”

“वर छप्पर घालणार, की नुसत्या भिंती?”

“छपराचं काही बोलले नाहीत.”

“म्हणजे पावसाचं पाणी साचणार आत. बदकं पाळा.”

दोघींना हसू आलं आणि दोघींनी ते गिळलं. थोरली परत दगडावर बसली. पिळलेलं कापड तिनं पुन्हा पाण्यात बुडवलं.

“आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा,” ती म्हणाली. “कर म्हणावं. आमचा दोर परवा होईल नाहीतर नाही होणार. पण तुझ्या भाऊजींचं मला बघवत नाही गं. खड्डा उपसलाय त्यांनी. सगळा. गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहून तळ चाचपतात. मी म्हटलं, काय हरवलंय? तर म्हणतात, ‘चुकून माझ्याच खड्ड्यातनं गेला असेल का गं तो काळा वाख? मी चारचौघांत त्याचं नाव घेतलं. माझाच असला तर?’ मी म्हटलं, मग जाऊन बोला त्याच्याशी. तर म्हणतात, ‘काय बोलू? मला तरी कुठं माहीत आहे?’”

धाकटीच्या डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी हललं आणि कानशिलावरून खाली आलं.

“ताई…”

“काय?”

“काही नाही. येते.”

ती चढण चढू लागली. मागून थोरली कपडे आपटत होती, आणि प्रत्येक आपटण्याला धाकटीला वाटत होतं की आता मागं वळावं, आता सांगावं.

कारण काळा वाख कुठून आला हे या गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाच्या डोक्यावर आत्ता हंडा होता.

गेल्या वर्षी पानं बुटकी आली होती. भारा बांधताना तिनं अंदाज नेहमीचाच धरला. तो कमी पडेल हे तिच्या लक्षात आलं नाही. सत्तराव्या पावलाला दिसलं की कमरेचा वाख शेवटची दोन पावलं पुरणार नाही. हाक दिली असती तर नवऱ्यानं चाक थांबवलं असतं, गाठी सोडवल्या असत्या, थोडा चिडला असता. थोरली कुंपणाशी बसून पानं ठेचत होती, ती म्हणाली असती, “थांबला का हात? थांबला ना!” खड्ड्याच्या तळाचा काळा वाख बाजूला काढून जाळायला तिथंच टाकलेला होता. धाकटीनं उलटं चालता चालता वाकून एक मूठ उचलली, सुताच्या पोटात घातली, वरून चांगला वाख गुंडाळला. दोन पावलांपुरता. सूत तुटलं नाही, चाक थांबलं नाही. दुसऱ्या सुताचा भाराही तेवढाच होता, म्हणून तेही त्याच पावलाला कमी पडलं. तिसरंही. तिन्ही सुतांत तीच जागा काळी, आणि दोर वळला तेव्हा त्या तिन्ही जागा एकमेकींशेजारी आल्या. हे एवढं तिच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. दोर वळणाऱ्याच्या घरातल्या लहान पोराच्याही ध्यानात आलं असतं.

विहिरीवर थोरल्यानं टोक उकललं तेव्हा ती मागं उभी होती. काळा चुरा बघितला आणि तिला कळलं. उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघा भावांचं बोलणंच बंद झालं होतं. मग आठवडा गेला, मग महिना. पुढं पुढं त्या मुठीपेक्षा न सांगितलेल्या दिवसांचीच भीती मोठी झाली. नवरा गिऱ्हाइकानं उकललेलं टोक परत वळत बसायचा, आणि ती त्याच्या पुढ्यात चहा ठेवून आत जायची.

घरी आल्यावर तिनं विटांवर पाणी ओतलं. विटांनी ते चुर्रकन शोषून घेतलं. धाकटा म्हणाला, “एवढा वेळ?”

“ताई होत्या तळ्यावर.”

“काय म्हणाली?”

काम सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदाच तिच्याकडं बघून बोलत होता. पापण्यांवर सिमेंटची पूड, ओठ फुटलेले. सांगायचं असतं तर तिथंच सांगता आलं असतं.

“बदकं पाळा म्हणाल्या,” ती म्हणाली.

*

आठव्या दिवशी वारा फिरला. नदीकडून ओला वास आला आणि ढग दुपारची वाट न बघता सकाळीच उतरले. नावाड्याचा निरोप आला की वरच्या अंगाला पाऊस झालाय, नदी उद्या चढेल. दोर आज द्या, नाहीतर नको.

थोरल्यानं थोरलीला चाकावर बसवलं. आता शेवटचं काम राहिलं होतं: तिन्ही पेडांचा एक दोर करायचा. नव्वदाव्या पावलाला तिन्ही पेडांची टोकं एका फळीला अडकवली होती. फळीवर दगड, दोर आखडेल तशी फळी जमिनीवरून फरफटत पुढं यायची. थोरल्यानं तीन खाचांचा लाकडी लट्टू पेडांमध्ये घातला आणि हाळी दिली, “फिरव!” लट्टूच्या पुढं तीन पेड वेगळे, लट्टूच्या मागं एक दोर. तो लट्टू दोन्ही हातांनी आवरत, पावलापावलानं चाकाकडं चालू लागला. चाकाकडं जायचं म्हणजे मध्ये खोली होती. भिंत चढून, लट्टू वरून नेऊन, पलीकडं उतरायचं, आणि हे सगळं पीळ न सोडता.

भिंत आता माणसाच्या डोक्यावर गेली होती. पेड वाशांवरून खाली येऊन विटांच्या कडेवर घासत होते. थोरलीनं पहाटे तिथं ओली गोणपाटं टाकली होती. धाकट्यानं ती काठीनं खाली पाडली. आता तो भिंतीवर चढून उभा होता. धाकटी पायथ्याशी विटांच्या ढिगाजवळ.

“चल,” तो आतल्या गवंड्याला म्हणाला, “वरचा थर घे.”

“कसा घेऊ? पेड आहेत इथं. विटेवर पेड, पेडावर वीट, असं बांधू का?”

“पेड असणार नाहीत.”

थोरला जवळ आला. साठ पावलं राहिली, मग सत्तावन्न. मानेच्या शिरा टरारलेल्या, लट्टू दोन्ही हातांनी आवळलेला. भिंतीशी येऊन त्यानं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा दोघांची तोंडं समोरासमोर आली.

“खाली हो,” थोरला म्हणाला. आवाज खरखरीत निघाला.

“भिंत माझी आहे.”

“वाट बापाची आहे.”

“बाप होता तेव्हा होती. माझ्या हाताचा दोर नको ना नावेला? मग माझ्या जागेतनंही जायला नको.” त्यानं खाली न बघता हात लांब केला. “विळा दे गं.”

विळा धाकटीच्या पायाशी होता, सुतळ्या कापायचा, सकाळीच घासलेला.

तिकडं चाक फिरतच होतं. थोरलीला इथलं काही दिसत नव्हतं. लट्टू थांबला होता आणि पीळ साठत होता. पेडांचा गुणगुणाट चढत गेला, बारीक झाला, दातांत कळ यावी तसा. एका पेडाला विटेच्या कडेनं खाल्लं होतं. त्याचे केस उभे राहिले होते.

“काय झालं?” थोरलीचा आवाज लांबून आला. “फिरवू का थांबवू?”

थोरल्यानं एक पाय विटांच्या खाचेत घातला. लट्टू हातात असल्यामुळं त्याला भिंत धरता येईना. तो घसरला, गुडघा विटेला फुटला. परत पाय घातला.

“मालक!” आतून गवंडी ओरडला. “ताणात कापलं तर फटकारा त्यांच्या तोंडावर बसेल! डोळे जातील माणसाचे! अहो, आणि आधी मला तरी बाहेर येऊ द्या!”

“विळा दे,” धाकटा म्हणाला. “बहिरी झालीस का?”

धाकटीनं विळा उचलला. मूठ गरम होती. वर नवऱ्याचा हात लोंबत होता, तळव्यावर विटांच्या चिरा, आणि त्या चिरांत लाल. तो हात तिच्याकडं न बघता वाट बघत होता. विळा मिळेल याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

तिनं विळा दिला नाही. मागं घेऊन दोन्ही हातांनी पाठीशी धरला.

“अगं?”

“देते,” ती म्हणाली. “आधी ऐका. मग दे म्हणालात तर देते.”

“आत्ता ऐकायची वेळ आहे?”

“आत्ताच आहे. नंतर नाही ऐकणार तुम्ही. मलाही नंतर बोलता येणार नाही.”

तिनं थोरल्याकडं वळून बघितलं. बारा वर्षांत तिनं त्यांच्याशी दाराआडून, खाली बघून, चार शब्दांच्या वर बोलणं केलं नव्हतं. आता त्यांच्या गुडघ्यातून रक्त ओघळून पायाच्या बोटांत जात होतं, आणि लट्टूवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

“पाणबुड्या उतरला तो दोर,” ती म्हणाली. मग तिनं पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं, चाकापर्यंत जाईल अशी. “तो दोर ह्यांनी वळला. पण सूत मी काढलं होतं. भारा कमी पडला. सत्तराव्या पावलाला. मला थांबायचं नव्हतं. कुंपणाशी जाळायचा वाख पडला होता, तो मी उचलला.”

“काय बोलतेस?” धाकटा भिंतीवर खाली बसला.

“मूठभर पोटात घातला आणि वरून चांगला गुंडाळला. एकदा नाही, तीनदा. विहिरीवर तुम्ही टोक उकललंत तेव्हाच मला कळलं, भाऊजी. मी मागं उभी होते. तुम्ही ह्यांचं नाव घेतलंत, मी गप्प राहिले. ह्यांनी तुमच्या खड्ड्याचं नाव घेतलं, तरी गप्प राहिले. वर्षभर लोकांनी उकललेली टोकं ह्यांना परत वळताना बघितलं. ह्या भिंतीला मी डोक्यावरून विटा दिल्या.”

चाक थांबलं होतं. थोरली वाटेवरून पळत येत असल्याचा आवाज खोलीच्या पलीकडून आला आणि भिंतीशी थांबला.

“खड्डा तुमचा चांगला होता, भाऊजी,” धाकटी म्हणाली. “ह्यांचा पीळ चांगला होता. काळा वाख मी घातला.”

तिनं विळा वर धरला; धाकट्यानं तो घेतला नाही, भिंतीवरून वाकून त्यानं भावाच्या हातातला लट्टू धरला.